घरकुल आलं, कोठी गेली

फेब्रुवारी 2025 मध्ये राज्यात 20 लाख घरकुलांना मंजुरी मिळाली. तेव्हापासून हप्ता कधी येणार, रेती कुठून आणायची, याच्या बातम्या रोज छापून येतात. घराच्या नकाशावर मात्र कुणीच बोलत नाही. नियमाप्रमाणे घर स्वयंपाकाच्या जागेसह किमान 25 चौरस मीटरचं हवं. एवढ्यात माणसं कशीबशी मावतात. सोयाबीनची पोती ठेवायची कुठे?

बुलढाण्यात हा प्रश्न थेट पैशाचा आहे. 2025-26 च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये ठरला, पण काढणीच्या दिवसांत बाजारातला भाव त्याच्या बराच खाली असतो. उधारी फेडायची असते म्हणून शेतकरी विकतो, हे खरंच. पण माल कोरडा ठेवायला जागा नसते, म्हणूनही विकतो. खरेदी केंद्राला 12 टक्क्यांपर्यंतच ओलावा चालतो. तो कमी करायचा तर वाळवायला जागा लागते. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना चांगली आहे: मालाच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज, 6 टक्के व्याज, 180 दिवसांची मुदत. पण दहा पोत्यांचा धनी वाळलेला माल गाडीभाडं भरून गोदामापर्यंत नेईल, तेव्हाच ती त्याच्या कामाची.

जुन्या धाब्याच्या घरात माल साठवायची आणि वाळवायची सोय होती. जाड मातीच्या भिंतीत बळद, जमिनीखाली कडबा अंथरलेलं पेव, वर वाळवणाला सपाट धाबं. धाबं गळायचं, दरवर्षी माती टाकावी लागायची; ते परत आणा असं कुणी म्हणणार नाही. गावाच्या गरजेप्रमाणे, गावच्याच साहित्यातून घर बांधायचा त्यामागचा विचार मात्र टाकून द्यायचं कारण नव्हतं.

नवं बांधूनही तो जपता येतो, हे आपल्याच विदर्भात दिसलं आहे. 1976 मध्ये डॉ. देवेंद्र कुमार यांनी वर्ध्यात ‘सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस’ सुरू केलं. तिथलं शंकूच्या आकाराचं कौल मुद्दाम जाऊन पाहावं असं आहे. कुंभार ते चाकावर घडवतो. एकाच्या तोंडात दुसरं बसवत कमान उभी करायची, वरून गिलावा द्यायचा. ना लाकूड, ना लोखंड. कौल आतून पोकळ, त्यामुळे वैशाखातही घर कमी तापतं. शिवाय छपराचा पैसा गावच्या कुंभाराच्या हाती जातो. गावासाठीचं वास्तुशास्त्र म्हणतात ते हेच, असं मला ठामपणे वाटतं.

घरकुल योजनेत स्थानिक साहित्य वापरायला मुभा आहे. 1 लाख 20 हजारांच्या अनुदानात 50 हजारांची भर टाकायचं राज्यानं 2025 मध्ये जाहीर केलं. मग जिल्हा परिषदेनं शेतकऱ्यांसाठी वेगळा नमुना नकाशा का करू नये? अंगणात पक्का ओटा, स्लॅबवर जायला जिना आणि ओल-उंदरांपासून सुरक्षित अशी छोटी कोठी, एवढंच त्यात हवं. ज्यांचं घरकुल मंजूर झालं आहे, त्यांनी पाया खणण्याआधीच ग्रामीण गृहनिर्माण अभियंत्याकडे कोठीचा आग्रह धरावा. स्लॅब पडल्यावर नकाशा बदलत नाही.