काळा टिकतो, पिवळा उडतो

मोरा बंदराजवळचा समुद्र गढूळ, तळ चिखलाचा. प्रवाळ तिथे नाही. पण हेकरू हा कपारीचा मासा. त्याचे भाईबंद प्रवाळात राहतात, पिल्ले खाडीतही शिरतात. म्हणून प्रवाळातल्या माशांचे रंग बिघडत चालल्याची चर्चा मोऱ्यालाही परकी नाही. गेल्या दीडशे वर्षांकडे पाहिले तर मला वाटते, असे बिघडल्या रंगाचे मासे वाढले की नाही हे ठरवणारा पुरावाच आपण जपला नाही. फ्रान्सिस डे यांनी १८७५ ते १८७८ दरम्यान 'द फिशेस ऑफ इंडिया'मध्ये जातीगणिक रंग शब्दांत टिपले. संग्रहालयांतले नमुने मात्र मद्यार्कात गेले. तिथे काळे रंगद्रव्य तग धरते, पिवळे-तांबडे विरघळते; जन्मतःच पिवळाधमक असलेला मासा बाटलीत नुसता फिकट दिसतो. १९४७ साली केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था स्थापन झाली आणि पुढे बंदरावर उतरणाऱ्या मासळीचा हिशेब जात आणि वजन यांवर बसला. रंगाला रकाना नाही. लिलावात पांढरट हेकरूही हेकरूच्याच पाटीत जातो.

मग अलीकडेच असे मासे इतके का दिसू लागले? कॅमेरे वाढले, हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे; काही ठिकाणी बिघाड प्रत्यक्ष मोजलाही गेला आहे. ग्रेट बॅरिअर रीफवरच्या २०१२ च्या अभ्यासात हेकरूच्याच कुळातले १३६ कोरल ट्राउट तपासले गेले. २० माशांच्या कातडीवर मेलॅनोमाचे, म्हणजे त्वचेच्या कर्करोगाचे, काळे डाग होते, म्हणजे सुमारे १५ टक्के. किती माशांपैकी किती, हे ठाऊक असल्याने ते विधान उभे राहते. कॅरिबियनमधल्या सर्जनफिशवरचे काळे ठिपके मात्र परजीवी कृमींचे निघाले, आणि २०१९ मध्ये संशोधकांनी जुने फोटो चाळून त्यांचा माग काढला. डाग तसेच काळे, कारण भलतेच.

यावर कोणी म्हणेल, १९८९ पासून शेजारी जवाहरलाल नेहरू बंदर उभे आहे, त्याच्या प्रदूषणाखेरीज आणखी कारण कशाला शोधायचे? आक्षेप हलका नाही. न्यू कॅलेडोनियात शहर-कारखान्यांलगतचे सागरी साप काळे पडलेले आढळले आणि त्यांच्या कातीत धातूंसारखी द्रव्ये जास्त सापडली (२०१७). साप म्हणजे मासा नव्हे, हे खरे. पण तिथे त्याच जातीचे साप स्वच्छ पाण्यातूनही घेतले होते, म्हणून तुलना जमली. शिवाय त्या निष्कर्षातून काळेपणा उलगडतो. अंगभर पांढऱ्या माशामागे बहुधा जनुकातला दोष असतो, तो स्वच्छ पाण्यातही उपजतो. मोऱ्याला उद्या असा हेकरू जाळ्यात आला तर लिलावाआधी त्याचा फोटो निघेल; त्या दिवशी एकूण किती हेकरू उतरले, ते त्या फोटोत येणार नाही.