वळणावर मोटारसायकल का झुकते?

भोरहून नीरा-देवघर धरणाच्या कडेने वरंध घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याला वळणं भरपूर. प्रत्येक वळणावर मोटारसायकल आत झुकते. का? वळताना रस्ता टायरला आतल्या बाजूला ओढतो. ही ओढ जमिनीलगत, तर गाडीचं आणि स्वाराचं वजन वर. सरळ बसून राहिलं तर गाडी बाहेर कलंडेल. झुकल्यामुळे तोल साधतो.

पण गाडी झुकवायची कशी? डावीकडे वळायचं तर हँडलची डावी मूठ किंचित पुढे ढकलावी लागते. पुढचं चाक क्षणभर उजवीकडे जातं आणि गाडी डावीकडे झुकते. सायकल शिकलेला प्रत्येक जण हे नकळत करतो.

झुकण्याचा कोन वेगावर आणि वळणाच्या त्रिज्येवर ठरतो. ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ४० किलोमीटरला सुमारे २३ अंश पुरतात, ६० ला ४३ लागतात. वेग दीडपट, पण टायरवरची आडवी ओढ सव्वादोनपट! कोरड्या डांबरावरही एवढी पकड मिळणं कठीण. खडी, ओलं शेण किंवा ट्रॅक्टरने आणलेला चिखल असेल तर २३ अंशही जास्तच.

झुकलेल्या टायरची बरीचशी पकड वळण्यातच खर्च होते, ब्रेकसाठी थोडीच उरते. म्हणून वेग वळणाआधी, गाडी सरळ असतानाच कमी करावा.