हौदा की डिकी?

हायलक्स घ्यावी की फॉर्च्युनर, हा प्रश्न मला इतक्या लोकांनी विचारलाय की आता मी उत्तराऐवजी उलट विचारतो, 'घरात माणसं किती?' विचारणारे ठरावीक असतात. निफाडकडचे द्राक्षबागायतदार, मुळशीत फार्महाऊस बांधलेले आयटीवाले, रस्त्याची कामं घेणारे ठेकेदार आणि ज्यांनी यूट्यूबवर हायलक्स छातीभर पाण्यातून जाताना पाहिलीय असे सगळे. काही जण हायलक्सच्या जागी इसुझू व्ही-क्रॉसचं नाव घेतात. पण पेच एकच. तेवढ्याच ताकदीच्या दोन गाड्या, एकीला मागं उघडा हौदा, दुसरीला बंद डिकी आणि सीटांची तिसरी रांग.

रूक्ष हिशेब आधी उरकतो. दोन्हींत तेच २.८ लिटरचं डिझेल इंजिन, २०४ अश्वशक्ती. हायलक्सच्या प्रत्येक मॉडेलला फोर बाय फोर मिळतं, फॉर्च्युनरमध्ये त्यासाठी वरचं मॉडेल घ्यावं लागतं आणि तिथं किमतीतली दरी चांगलीच रुंदावते. शोरूम एक, सर्व्हिस एक, मायलेजमध्ये सांगण्यासारखा फरक नाही. लांबीत मात्र आहे. हायलक्स ५३२५ मिलिमीटर, फॉर्च्युनर ४७९५. सोसायटीत आखलेली जागा बहुधा पाच मीटरची, म्हणजे हायलक्सचं नाक नाहीतर शेपूट शेजाऱ्याच्या वाटेत. झालं. आता मला ज्यात खरा रस आहे तिकडं वळतो.

या दोन गाड्या सख्ख्या बहिणी आहेत, हे विकणारे फारसं बोलून दाखवत नाहीत. टोयोटानं २००४ मध्ये आयएमव्ही नावाचा प्रकल्प काढला. एकच लॅडर चॅसिस, आणि तिच्यावर पिकअप, एसयूव्ही आणि आपली लाडकी इनोव्हासुद्धा. फॉर्च्युनर भारतात २००९ साली आली, हायलक्स यायला २०२२ उजाडलं, म्हणून आपल्याला वाटतं की फॉर्च्युनर थोरली आणि हायलक्स म्हणजे तिची पाठ कापून केलेली आवृत्ती. जगात हे उलट घडलं. पिकअप आधी, एसयूव्ही नंतर. १९८४ ची पहिली फोररनर तर शब्दशः हायलक्सच होती. हौद्यावर फायबरग्लासचं काढता-घालता येणारं टोपण, आत एक बाक, की झाली कुटुंबाची गाडी. थायलंडमध्ये सरकारनं पिकअपवरचा कर मुद्दाम कमी ठेवला आणि पिकअपच्या चॅसिसवर बांधलेल्या प्रवासी गाड्यांसाठीही सवलतीचा वेगळा वर्ग केला. फॉर्च्युनर, इसुझू एमयू-एक्स, पजेरो स्पोर्ट या सगळ्या त्याच सावलीत वाढल्या.

कराचा विषय निघालाच आहे तर अमेरिकेतली कोंबडीची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. साठच्या दशकात युरोपनं अमेरिकी कोंबड्यांवर जकात वाढवली. चिडून अमेरिकेनं १९६४ पासून परदेशी हलक्या ट्रकांवर २५ टक्के जकात बसवली. कोंबड्यांचं भांडण लोक विसरले, जकात राहिली. मग सुबारूनं काय करावं? आपल्या ब्रॅट नावाच्या छोट्या पिकअपच्या हौद्यात मागं तोंड केलेल्या दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या बसवल्या आणि ही 'प्रवासी मोटार' आहे असं सांगून ती कमी जकातीत आत घातली. रोनाल्ड रेगन यांच्या रँचवर अशी एक ब्रॅट होती. हौद्यात खुर्च्या टाकायची अक्कल आपल्याकडच्या वऱ्हाडाच्या टेम्पोवाल्यांचीच, असं मला उगाच वाटायचं.

आणि आपलं पुणं? १९८८ साली पुण्याच्या कारखान्यातून टाटामोबाईल नावाची पिकअप निघाली. तिच्याच चॅसिसवर १९९१ मध्ये तीन दारांची सिएरा आली, पुढच्या वर्षी इस्टेट, आणि सुमो, सफारीपर्यंत ही वंशावळ ओढता येते. सिएराच्या मागच्या त्या न उघडणाऱ्या, वर छताकडं वळलेल्या काचांवर आमची अख्खी पिढी भाळली होती. त्या काचांखाली भाजीच्या गाडीची चॅसिस आहे हे कुणी सांगितलं असतं तर त्याला आम्ही वेड्यात काढलं असतं. नाशिकची स्कॉर्पिओ मात्र उलट्या वाटेनं गेली. आधी एसयूव्ही, मग तिची गेटअवे ही पिकअप. आपल्याकडं ती थोडी चालली, दक्षिण आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियात तिनं बरा जम बसवला.

तर चॅसिस एक, इंजिन एक. मग खरा फरक कुठं? माझं ठाम मत असं की तो मागच्या ॲक्सलखाली वाकून बघितल्यावरच कळतो. शोरूममध्ये कुणी वाकत नाही. तुम्ही वाका. हायलक्सला पाटे दिसतील, फॉर्च्युनरला कॉइल स्प्रिंग.

पाट्यांवर माझा जीव आहे हे कबूल करतो. चाकणच्या पुढं नाशिक हायवेला एक पाटेवाला आहे, त्याच्याकडं मी काम नसतानाही थांबतो. भट्टीत लालबुंद झालेला पाटा चिमट्यात धरून बाहेर काढायचा, ऐरणीवर घणाचे ठोके घालून त्याची गेलेली कमान परत आणायची, मध्ये मध्ये जुळ्या पाट्यावर ठेवून दोघांत फट दिसते का बघायचं. सगळं मापन डोळ्यानं. बाहेर ट्रकवाले चहा पीत बसलेले, आणि भिंतीला टेकवून ठेवलेले मेन पाटे, ज्यांच्या दोन्ही टोकांना बुश बसवायची भोकं असतात.

त्या गठ्ठ्याची गंमत अशी की तो दोन कामं करतो. वजन तर पेलतोच, शिवाय ॲक्सलला जागेवर धरूनही ठेवतो. त्याला वेगळे दांडे लागत नाहीत. वजन वाढलं की कमान सपाट होत जाते, सर्वांत खालचा जाड पाटा तर पुरतं ओझं पडल्यावरच कामाला लागतो. पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घासण्यातच उसळी थोडी मरते. स्वस्त, दणकट, आणि तुटला तर कुठल्याही तालुक्याच्या गावी दुरुस्त होणारा. पण तो मुळात वजनासाठी घडवलेला. हौदा रिकामा असला की तेच पाटे ताठून बसतात, आणि प्रत्येक गतिरोधकावर मागची सीट तुम्हाला छताची ओळख करून देते. 'रिकाम्या गाडीत पाटा काम करत नाही साहेब, नुसता उडवतो,' पाटेवाला म्हणाला. 'त्याला पोटाला वजन लागतं.'

कॉइल स्प्रिंग फक्त वजन पेलते. ॲक्सल पुढं-मागं किंवा आडवा सरकू नये म्हणून फॉर्च्युनरला वेगळे दांडे दिलेत. कामं वाटली गेल्यामुळं स्प्रिंग मऊ ठेवता येते. भरीला मागच्या चाकांना डिस्क ब्रेक, हायलक्सला ड्रम. फॉर्च्युनरही काही पालखी नव्हे, तिच्या मागच्या सीटवरचे धक्के हा वाहनप्रेमींच्या गप्पांतला जुना विषय आहे. पण रिकाम्या पिकअपमधून उतरून तिच्यात बसलं की माणूस तक्रार विसरतो.

पावसाळ्यात याला आणखी एक पदर. रिकाम्या पिकअपचं मागचं अंग हलकं, त्यामुळं घाटातल्या ओल्या वळणावर टू व्हीलवर ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबला तर मागची चाकं सुटतात. जाणते लोक हौद्यात ॲक्सलच्या वर वाळूची दोन-तीन पोती बांधून ठेवतात. बांधून, हे महत्त्वाचं. शिवाय दारावरच्या चिठ्ठीत रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचा टायरमधल्या हवेचा दाब वेगवेगळा दिलेला असेल तर तो पाळावा. पेट्रोल पंपावरचा पोरगा सगळ्यांना एकच हवा मारतो.

मग हौदा घ्यायचाच कशाला? याचं उत्तर मला देवगडला मिळालं. तिथं एका मित्राकडं व्ही-क्रॉस आहे. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या, एरवी शेणखत, नारळ, जनरेटर, फवारणीचा पंप, कधी मासळी. संध्याकाळी फाळका पाडायचा, नळी लावायची, हौदा धुऊन काढायचा. आत केबिनमध्ये एसी आणि वास शून्य. हे सुख फॉर्च्युनरला नाही. पुण्यातल्या एका ओळखीच्यांनी बागेसाठी शेणखताची पोती फॉर्च्युनरच्या डिकीतून नेली, त्यातलं एक फुटलं, आणि पुढं पावसाळाभर त्यांच्याकडचे पाहुणे काचा खाली करून बसत होते. ओलं, घाण, वासाचं, उंच किंवा टोकदार असं काही आठवड्यातून एकदा तरी वाहायचं असेल तर हौद्याला पर्याय नाही. फ्रिज उभा न्यायचा असला तरी तोच.

त्याच मित्राच्या आईंना मात्र कणकवलीला डॉक्टरांकडं न्यायचं म्हटलं की त्या मान हलवतात. 'माका यष्टी बरी.' मागच्या सीटची पाठ सरळसोट, कारण तिच्यामागं लगेच हौद्याची भिंत. ती मागं कलणार कुठं? तिसरी रांग तर नाहीच. सहावा माणूस आला की कुणीतरी 'मी बसतो हौद्यात' म्हणतंच. ते बेकायदा आहे आणि जिवावरचं आहे. सामानाचंही तसंच. ढाब्यावर जेवताना बॅगा उघड्या हौद्यात सोडून बसता येत नाही, पावसात ताडपत्री आणि दोरखंड आले. वर झाकण किंवा कॅनॉपी बसवता येते, पण आधी आरटीओत विचारा. उत्पादकाच्या मूळ रचनेत फेरफार करण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये कडक भूमिका घेतली आहे.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती या गाड्यांच्या चाहत्यांना आवडणार नाही. ज्याला खरंच माल वाहायचा आहे तो हायलक्सच्या वाटेला जातच नाही. नारायणगावचे टोमॅटोचे क्रेट रात्रीतून वाशीला पोचवणारी बोलेरो पिकअप हायलक्सच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यात येते आणि तिचं १.७ टनी मॉडेलही मिळतं. जगभर एक टनी म्हणून नाव कमावलेल्या हायलक्सला आपल्याकडच्या पांढऱ्या पाटीवर कागदोपत्री त्याच्या निम्माही भार मंजूर नाही. माणसं आणि माल दोन्ही हवं असेल तर बोलेरो कॅम्पर आहे, फक्त तिची पाटी पिवळी. मग हायलक्स कुणाची? ज्याच्या घरी माणसं वाहायला दुसरी गाडी उभी आहे, ज्याची शेती डांबरी सडकेपासून आत आहे आणि ज्याला शौकही आहे, त्याची. घरात एकच गाडी असणार असेल आणि मागं आजी-आजोबा बसणार असतील तर मी डोळे मिटून फॉर्च्युनर सांगतो, आणि पैसे तेवढे नसतील तर स्कॉर्पिओ-एन. महिंद्रानं २०२३ च्या १५ ऑगस्टला केपटाऊनमध्ये स्कॉर्पिओ-एनवर बेतलेली पिकअप दाखवली होती. ती इकडं बऱ्या किमतीत विकायला आली तर हे सगळं गणित नव्यानं मांडावं लागेल, आणि मी ते आनंदानं मांडीन.

टेस्ट ड्राइव्ह घ्याल तेव्हा चालवायला दुसऱ्याला बसवा आणि स्वतः मागं बसा, खराब रस्त्यावर. पिकअप असेल तर एकदा रिकामी आणि एकदा वजन टाकून. हे दुसरं जमवणं अवघड आहे. मी एका शोरूममध्ये सिमेंटची चार पोती घेऊन गेलो होतो. विक्रेता पोरगा हात जोडून आडवा आला. 'हौद्यात नको साहेब, ओरखडे पडतील.'