मनोरुग्णांसाठी सामुदायिक निवासी सेवा

तीव्र मानसिक आजाराच्या ऐन भरात, तसेच तो ओसरल्यावर पूर्ववत जीवनक्रम सुरू होईपर्यंत, रुग्णास वस्तीतीलच लहान निवासात ठेवून उपचार व आधार देण्याची व्यवस्था. संकटकाळात काही दिवस वा आठवडे आसरा देणारा संकटनिवास आणि रुग्णालय व घर यांच्या दरम्यान काही महिने राहण्याचे ‘हाफवे होम’ ही तिची दोन प्रमुख रूपे होत. बेल्जियममधील गील या गावी मनोरुग्णांना कुटुंबांत ठेवून घेण्याची प्रथा मध्ययुगापासून आहे. आधुनिक संकटनिवासाचे बहुचर्चित उदाहरण म्हणजे लॉरेन मोशर यांनी १९७१ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केलेले ‘सोटेरिया’ हे घर.

संकटनिवासात रुग्णसंख्या थोडी असते व सोबतीस रात्रंदिवस माणूस असतो. प्रथम झोप व आहार सुधारण्याकडे लक्ष देतात. औषधे चालू असतातच. परंतु स्वयंपाक, झाडलोट यांत रुग्णाचा वाटा राहतो, व हेच या निवासाचे रुग्णालयाहून खरे वेगळेपण होय. ताप, मेंदूचे विकार वा नशा यांमुळेही भ्रम होत असल्याने शारीरिक तपासणी आधी करावी लागते. जिवास तातडीचा धोका असल्यास मात्र रुग्णालयच योग्य.

मुंबईत हा प्रश्न मुख्यतः जागेचा आहे. गिरगाव, परळ, लालबाग येथील चाळींत एकाच खोलीत सारे कुटुंब राहत आले. रात्रभर जागणाऱ्या, संशयाने घेरलेल्या माणसास तेथे निवांत कोपरा मिळत नाही आणि घरच्यांनाही झोप नसते. सामाईक गॅलरीमुळे शेजारी मदतीस धावतात, तशीच घरातील गोष्ट मजलाभर होते. पूर्वी अशा वेळी उरे ती ठाण्याची वाट. तेथील मनोरुग्णालय १९०१ मध्ये सुरू झाले आणि ‘ठाण्याला पाठवणे’ हा शब्दप्रयोगच रूढ झाला. त्यातील थट्टेने अनेक कुटुंबांना उपचारांपासून दूर ठेवले असावे. जे. जे. रुग्णालयात १९३८ मध्ये डॉ. के. आर. मसाणी यांनी आणि परळच्या के. ई. एम. रुग्णालयात १९४७ मध्ये डॉ. एन. एस. वाहिया यांनी मनोविकारसेवा सुरू केल्यावर सर्वसाधारण रुग्णाच्याच रांगेत उभे राहून मनोविकारावर उपचार घेणे शक्य झाले. संकोच कमी करण्यात या बाह्यरुग्ण विभागांचा वाटा मोठा आहे. तथापि खाटा मोजक्या असल्याने लक्षणे आटोक्यात येताच रुग्णास घरी पाठवावे लागते, म्हणजे पुन्हा त्याच खोलीत.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ (अंमल २९ मे २०१८ पासून) याने हाफवे होम व आधारयुक्त निवास यांचा सेवेच्या हक्कात समावेश केला. कुटुंब स्वीकारत नाही, घर नाही किंवा वस्तीत सोय नाही, एवढ्याच कारणावरून कोणास मनोरुग्णालयात ठेवून घेता येत नाही, असे कलम १९ सांगते. अशी निवासस्थाने उभारण्याची वा त्यांस साहाय्य करण्याची जबाबदारी त्याच कलमाने शासनावर टाकली आहे. निकडीच्या प्रसंगी घरीही ७२ तासांपर्यंत प्राथमिक उपचार देण्याची मुभा कायद्यात आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ (क्रमांक १४४१६) ही दूरध्वनी सेवा सल्ल्यासाठी उपलब्ध झाली. राहण्याची सोय मात्र दूरध्वनीवरून होत नाही. दादर-परळच्या जागांचे भाव पाहता ती केवळ धर्मादायावर सोपवणे व्यवहार्य नाही. महानगरपालिकेच्या वा शासनाच्या मालकीच्या इमारतींतील काही खोल्या या कामी राखून ठेवणे हा त्यातल्या त्यात सुकर मार्ग दिसतो.