इजिप्तांतील एका आईचें मृत्युपत्र

प्राचीन इजिप्त म्हटलें कीं पिरॅमिड, मम्या आणि फेरो राजे एवढेंच बहुतेकांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. ह्यांत दोष वाचकांचा नाहीं. शाळेंत आम्हीहि मुलांकडून राजांच्या नांवांच्या याद्याच घोकून घेत आलों. परंतु त्या राजांचीं थडगीं खोदणारीं माणसें काय खात, कोठें राहत, घरांत कशावरून भांडत, असें एखाद्या विद्यार्थ्यानें विचारलें असतें तर आमची त्रेधाच उडाली असती! निवृत्तीनंतर सवड सांपडली, तेव्हां ही उणीव थोडीबहुत भरून काढली.

नाईल नदीच्या पश्चिमेस, हल्लींच्या लक्सर शहरासमोर, डोंगराच्या कुशींत देर-अल-मदीना नांवाचें ठिकाण आहे. ख्रिस्तपूर्व १५०० च्या सुमारास तेथें राजांचीं थडगीं कोरणाऱ्या कारागिरांची वसाहत झाली व ती सुमारें चारशें वर्षें नांदली. बर्नार ब्रुयेर ह्या फ्रेंच संशोधकानें १९२२ पासून जवळजवळ तीस वर्षें खपून ती उकरून काढली. कोटाच्या आंत सुमारें सत्तर घरें, एकास एक लागून. पुढें देवाचा ओटा असलेली खोली, मग बैठकीची, मागें निजावयाची व शेवटीं उघड्यावर चूल. वर गच्ची. गांवांत पाण्याचा थेंब नाहीं. तें नदीकडून गाढवांवर लादून आणीत. धुण्यासाठीं परीटहि सरकारनेंच नेमलेले!

नाणें त्या काळीं नव्हतें. वेतन धान्यांत मिळे. साध्या कारागिरास दरमहा चार खार गहूं व दीड खार जव. एक खार म्हणजे सुमारें ७७ लिटर. (आपल्या संस्कृत ग्रंथांतहि ‘खारी’ नांवाचें धान्याचें माप आहे; परंतु नुसत्या नामसाम्यावर इमले रचण्याची हौस आम्हांस नाहीं.) गहूं मात्र आपल्याकडील खपलीच्याच जातीचा. जव आंबवून त्याचें मादक पेय करीत. हें आमच्या वाचकांस रुचणार नाहीं, पण तेथें तें रोजच्या जेवणांतलेंच होतें. हें वेतन थकलें म्हणजे काय होई, तेंहि लिहिलेलें सांपडतें. तिसऱ्या रामेसेसच्या २९ व्या वर्षीं, म्हणजे ख्रिस्तपूर्व बाराव्या शतकांत, उपाशी कारागीर काम टाकून देवळामागें जाऊन बसले. जगांतील पहिला नोंदलेला संप तो हाच.

ह्या गांवांत लिहितां येणारे पुष्कळ होते, आणि पाटीच्या जागीं ते खापरें व चुनखडीच्या कपच्या वापरीत. दुसऱ्या रामेसेसच्या ४० व्या वर्षाचें एक हजेरीपत्रक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें आहे. गैरहजेरीचीं कारणें त्यांत नांवानिशीं दिलीं आहेत: कोणास विंचू चावला, कोणाचे डोळे दुखत होते, कोणी आईच्या अंत्यविधींत गुंतला होता, आणि कित्येकांपुढें पत्नी किंवा मुलगी ‘बाजूला बसली’ अशा अर्थाची नोंद आहे! आमच्या लहानपणीं घरोघर पाळला जाणारा आचार तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वींच्या हजेरीपटांत पाहून आम्ही थक्क झालों.

पण आम्हांस खरोखर सांगावयाचें आहे तें नौनख्त नांवाच्या बाईविषयीं. तिचें पहिलें लग्न केनहेरखेपेशेफ ह्या कारकुनाशीं झालें. तो वयानें बराच मोठा व ग्रंथसंग्राहक होता. स्वप्नांचीं फळें सांगणारी त्याची पोथी अद्यापि उपलब्ध आहे. त्याच्यामागें तिनें खैमनून नांवाच्या कारागिराशीं संसार थाटला व आठ मुलें वाढविलीं. एका मुलास तिनें पहिल्या पतीचेंच नांव ठेविलें, ह्याचें आम्हांस मोठें कौतुक वाटलें.

पांचव्या रामेसेसच्या तिसऱ्या वर्षीं ही वृद्धा गांवच्या न्यायसभेपुढें उभी राहिली. तिचें म्हणणें थोडक्यांत असें: मीं ह्या आठांना वाढविलें, संसार मांडतांना प्रत्येकाला भांडींकुंडीं दिलीं, आतां मी म्हातारी झालें, तर कित्येक माझ्याकडे पाहत नाहींत. ज्यानें मला हात दिला त्यालाच माझें देईन. आणि तिनें कांहीं मुलांचीं नांवें वगळलीं. त्यांत मुलगा होता, तशा मुलीहि होत्या! मात्र बापाच्या दोन तृतीयांशांतून तिनें कोणास काढलें नाहीं, कारण तें तिचें नव्हतें. स्वतःचा एक तृतीयांश मात्र सर्वस्वी तिचा होता. आपल्याकडे विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत स्त्रीधनाचा पुष्कळ ऊहापोह केला. तथापि वडिलोपार्जित मिळकतींत मुलीस मुलाच्या बरोबरीनें जन्मतः हक्क मिळावयास महाराष्ट्रांत १९९४ व सबंध देशांत २००५ साल उजाडावें लागलें. घरांत चार भाऊ नांदत असतां म्हातारीचें अंथरूण कोणी घालावयाचें, ह्यावरून होणारी कुजबूज आमच्या परिचयाची आहे; ती भरसभेंत मोठ्यानें बोलून दाखविणारी आई मात्र आमच्या पाहण्यांत नाहीं.

पहिल्या पतीचें नांव ज्याला दिलें होतें, त्या मुलास तिनें इतरांहून अधिक म्हणून एक काशाचें हात धुण्याचें पात्र दिलें. हा लेख यारोस्लाव्ह चेर्नी ह्या चेक पंडितानें १९४५ सालीं प्रसिद्ध केला. मूळ पत्र ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयांत आहे. त्याला पुढें एक पुरवणी जोडली आहे. पुढच्या वर्षीं खैमनून आपल्या मुलांसह पुन्हां त्याच न्यायसभेपुढें आला, आणि नौनख्तनें लिहून ठेविलें तसेंच होईल, असें त्यांनीं कबूल केलें.