गोधडीला फ्लीसचे अस्तर

हिवाळ्याची चाहूल लागली की महालातील जुन्या घरांत पेट्या उघडतात आणि गोधड्या उन्हात पडतात. आजीच्या सुती लुगड्यांचे थर आणि काठापासून मध्यापर्यंत फिरलेला धावदोरा, ही आपली जुनी ऊब. नागपूरची थंडी अल्पकाळाची असली तरी सौम्य नव्हे. २९ डिसेंबर २०१८ रोजी येथील पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता.

आता गोधडीच्या पाठीला लुगड्याऐवजी मऊ फ्लीस लावण्याची पद्धत रुजत आहे. घरातील वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न रास्त असतो : ‘हे मेंढीच्या लोकरीचे का?’ इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ लोकर असाच आहे. परंतु हे कापड पॉलिस्टरचे असते. १९७९ च्या सुमारास अमेरिकेतील मॉल्डन मिल्स या गिरणीत ते आकारास आले. तंतू पिंजून वर आणल्याने त्यांत हवा अडकते आणि तीच ऊब देते.

लाँगआर्म यंत्रावर गोधडी रुळांवर ताणलेली असते आणि यंत्राचे डोके तिच्यावरून फिरते. फ्लीस रुंदीच्या दिशेने अधिक ताणले जाते. म्हणून रुंदी रुळांना समांतर ठेवावी. ताण बेताचा असावा आणि बाजूचे चिमटे सैल असावेत. अन्यथा गोधडी उतरवताच अस्तर आकसते व वरच्या बाजूला चुण्या पडतात. चारही बाजूंनी चार इंच अस्तर जास्त सोडावे. पन्हा साधारण ५८ ते ६० इंच असल्याने मोठ्या गोधडीस जोड द्यावा लागतो. तेव्हा दोन्ही किनारी आधी कापून टाकाव्यात. टाके विरळ घालावेत, कारण दाट शिलाईने मऊपणा हरवतो. सुईखाली पिंजलेले तंतू साचतात, म्हणून बॉबिनची जागा वरचेवर साफ करावी. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, फ्लीस आटत नाही. म्हणून वरचे कापड आधी धुऊन घ्यावे. गरम इस्त्री मात्र फ्लीसला लावू नये, ते वितळते. शेकोटीपासूनही अशी गोधडी दूरच बरी. आतला कापसाचा थर गाळला तरी आपल्या थंडीला ती पुरते.

लोकर नाही, रेशीम नाही, म्हणून प्रश्न संपला असे मात्र नाही. प्रत्येक धुण्यात फ्लीसचे सूक्ष्म तंतू सुटतात आणि नालीवाटे नदीत जातात. ते कुजत नाहीत व जलचरांच्या पोटात शिरतात. पाणी गाळून पिणाऱ्या घराने गाळण्यातून काय आत येते एवढेच पाहावे, की आपल्या मोरीतून काय बाहेर जाते तेही पाहावे? अनर्थदंडव्रत निष्कारण हिंसेपासून दूर राहण्यास सांगते. त्यामुळे जेथे जुने सुती लुगडे घरात आहे, तेथे अस्तर त्याचेच असावे. प्रवासासाठी किंवा आजारी माणसासाठी हलकी, लवकर वाळणारी पांघरूण हवी असेल तर फ्लीस जरूर घ्यावे; पण ते वारंवार धुऊ नये, उन्हात टाकून झटकावे, आणि धुतलेच तर थंड पाण्यात, हलक्या हाताने.

इतवारीच्या बाजारात कापड निवडताना आपण पोत पाहतो, पन्हा मोजतो, भाव करतो. त्या हिशेबात आणखी एक ओळ असावी : या उबेची किंमत कोणता जीव मोजतो?