चार्जर, एलईडीमधून बारीक ‘कुईं’ आवाज येतोय? बिघाड आहे का, असं ओळखा

शिरूर/दौंड : रात्री घर शांत झालं की चार्जर, इन्व्हर्टर किंवा एलईडी दिव्यातून बारीक ‘कुईं’ ऐकू येतं. मुलं कान झाकतात, आजोबा विचारतात, ‘कुठंय आवाज?’ दोघंही खरं बोलतात. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो आणि वयानुसार वरची मर्यादा खाली येते. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीचा १५,६२५ हर्ट्झचा सूर मुलांना ऐकू यायचा, अनेक मोठ्यांना नाही, तो याचमुळे.

आवाज येतो कुठून?
सर्किट बोर्डवर दोन भाग ‘गातात’. कॉइलमधला प्रवाह बदलला की तारेचे वेढे आणि गाभा थरथरतो. सिरॅमिक कपॅसिटर व्होल्टेजबरोबर किंचित आक्रसतो-फुगतो आणि सर्किट बोर्ड स्पीकरच्या पडद्यासारखा वाजतो.

चार्जरमधला स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो. हा वेग सहसा कानाच्या आवाक्याबाहेर असतो. पण मोबाइल फुल झाला की अनेक चार्जर थांबून-थांबून काम करतात आणि तो ठेका ऐकू येऊ लागतो. दौंड जंक्शनवरून सुटताना थ्री-फेज विद्युत इंजिनाचा चढता सूर ऐकलाय? त्यामागेही असंच वेगवान स्विचिंग असतं.

तपासायचं कसं?
१. आवाज ओळखा : जाड ‘हम्म’ असेल तर ट्रान्सफॉर्मर. ५० हर्ट्झच्या विजेवर तो १०० हर्ट्झला गुणगुणतो. बारीक शिट्टी असेल तर स्विचिंग सर्किट.
२. लोड बदला : मोबाइल जोडा, काढा. सूर बदलला तर आवाज बहुधा पॉवर सर्किटचाच.
३. जागा बदला : दुसऱ्या खोलीतही आवाज आला तर कारण उपकरणात. थांबला तर आधीचं सॉकेट, डिमर तपासून घ्या.
४. मोबाइल वापरा : स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर अ‍ॅप सुरू करून फोन जवळ न्या. एकाच ठिकाणी उंच रेघ वाढत गेली तर उगम तिथेच.

बोर्डच बदलायचा?
नुसता, कायम एकसारखा येणारा बारीक आवाज सहसा धोक्याचा नसतो. मेकॅनिकनं ‘पूर्ण सर्किट बोर्ड बदला’ म्हटलं तर विचारा, ‘आवाज नेमका कोणत्या भागातून येतोय?’ सैल कॉइल अनेकदा वॉर्निशनं शांत होते, एखादा कपॅसिटर तेवढाच बदलता येतो. शिरूर तालुक्यातल्या रांजणगावला केंद्रानं २०२२ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन क्लस्टर मंजूर केलं. आयटीआय, डिप्लोमाच्या मुलांसाठीही ही परख कामाची.

इथे मात्र थांबा
आवाज अचानक वाढला, ‘चट-चट’ झाला, जळका वास आला किंवा उपकरण नेहमीपेक्षा तापलं, तर लगेच बटण बंद करा. चार्जर घरी उघडू नका. २३० व्होल्टवर चालणाऱ्या सर्किटच्या मुख्य कपॅसिटरवर ३०० व्होल्टहून जास्त दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो.